पहिलवानाच्या पाठीवर

पहिली कोंबडी गेली तेव्हा कुणी ओरडलं नाही. कोंबडीसुद्धा नाही.

भर दुपार होती. मी मोरीत भांडी घासत होते, हे शेडमध्ये खिडकीच्या चौकटीवर रंधा मारत होते आणि सासूबाई अंगणात तुतीच्या झाडाखाली नेहमीच्या पाटावर बसल्या होत्या. कोंबड्या होत्या तिथेच उकरत होत्या. संध्याकाळी खुराड्यात घालताना एक कमी भरली, तेव्हा कळलं.

सासूबाईंना दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हतं. उजेड कळे, सावली कळे, माणूस आलं की अंधारा खांब आल्यासारखा कळे. घरातली कामं एकेक करून मी त्यांच्या हातातून काढून घेतली होती. भाजी चिरायची मी काढून घेतली, कारण त्यांनी दोनदा बोट कापलं. चूल काढून घेतली, कारण पदर. पाणी काढून घेतलं, कारण विहिरीला कठडा नाही, नुसती दगडांची एक ओळ. कोंबड्या तेवढ्या काढून घेता आल्या नाहीत, कारण कोंबड्यांनीच त्यांना सोडलं नाही.

तिन्हीसांजेला त्या खुराड्याच्या दाराशी बसत. डावा तळहात दारात आडवा, उघडा. कोंबड्या एकेक करून त्या हाताखालून आत जात आणि हाताला पाठ लागली की सासूबाई नाव घेत. "लंगडी. टिपकी. उघड्या मानेची. ही बया कोण, हां, भांडकुदळ." सर्वांत शेवटी मास्तरीण. ही थोराड, करड्या रंगाची. बाकीच्या आत गेल्याची खात्री केल्याशिवाय ही आत जात नसे. तिच्या मागून कोंबडा. त्याचं नाव जावई, कारण खातो भरपूर, मिरवतो त्याहून जास्त आणि कामाच्या वेळी झाडावर असतो.

"दहाच," त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या. "काळी आली नाही."

"मुंगसानं नेली असेल," हे म्हणाले.

"मुंगसानं नेली तर बाकीच्या घर डोक्यावर घेतील. मी इथंच होते. हूं की चूं नाही."

"डोळा लागला असेल तुझा."

त्यांच्या डोळ्यांवरून कुणी काही म्हटलं की त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागत.

मी कंदील घेऊन कुंपणाकडेने फिरून आले. एक पीस नव्हतं. रक्ताचा थेंब नव्हता. कुंपणापलीकडे लगेच मका, माणसाच्या डोक्यावर गेलेला, आणि त्याच्या बांधावर मातीचा जरा उंचवटा. तिथे थंडीत आम्ही पहिलवानाला पुरलं होतं.

पहिलवान म्हणजे आमचा कुत्रा. चौदा वर्षांचा होऊन गेला. तपकिरी, केसाळ, आणि नावाशी अंगाचा काही संबंध नसलेला. त्याच्या अंगावर गोचीड फार. सासूबाईंनी त्यावर स्वतःचा इलाज काढला होता. कोंबडीची पिल्लं आठ-दहा दिवसांची झाली की दुपारी पहिलवानाला बांधावर आडवं करायच्या, त्याच्या केसांत मूठभर कण्या चोळायच्या आणि पिल्लं सोडायच्या. पिल्लं कण्या वेचता वेचता गोचीडही वेचायला शिकत. पहिल्यांदा पहिलवानानं दात दाखवले तेव्हा त्याच्या नाकावर लाटणं बसलं. मग तो जो आडवा व्हायचा तो मेल्यासारखा. सगळ्या कोंबड्या अशाच त्याच्या पाठीवर लहानाच्या मोठ्या झाल्या. बाहेरून कुणी आलं तर थांबून बघत राहायचं. कुत्रा आडवा आणि त्याच्यावर चार-पाच कोंबड्या, सोयाबीन निवडायला बसलेल्या बायकांसारख्या.

दुसरी गेली आठ दिवसांनी, तिसरी पाच. तशीच. दुपारी, ऊन डोक्यावर असताना, काही आवाज न करता. एका दुपारी तर मीच अंगणात बसून राहिले, गुडघ्यावर काठी ठेवून. मी तिथं होते तोवर काही झालं नाही. मी पाणी आणायला म्हणून विहिरीपर्यंत जाऊन आले, तेवढ्यात उघड्या मानेची गेली. परत आले तेव्हा जावई तुतीखाली एक पाय वर घेऊन उभा होता, आणि बाकीच्या माती उकरत होत्या. जणू काही झालंच नाही.

"तुम्ही काही ऐकलं नाहीत?" मी सासूबाईंना विचारलं.

"ऐकलं ना."

"काय?"

त्यांनी मान तिरकी केली. "कुरकुरत होत्या. पहिलवानाच्या अंगावरचे गोचीड खाताना करायच्या, तशा. खुशीत."

कळशी मी खाली ठेवली.

"पहिलवान मेला आई. थंडीत."

"मला ठाऊक आहे तो मेला. मीच रडले. तू नव्हतीस रडली." पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "मी काय ऐकलं ते सांगितलं. त्या स्वतःच्या पायांनी जातात. कुणाकडे जातात ते दिसायला मला डोळे पाहिजेत ना."

रात्री जेवताना मी हे यांना सांगितलं. यांनी घास हातातच ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि मग आईच्या बंद दाराकडे. "आता डोक्यावरही परिणाम व्हायला लागला का," इतकंच म्हणाले, आणि थोरल्या भावाला फोन केला.

भावजी टेम्पो चालवतात. शहरात तिसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा आहे. ते आले तेच चौथी कोंबडी गेली त्या दिवशी, तिन्हीसांजेला. सासूबाईंचा हात खुराड्याच्या दारात तसाच होता आणि मास्तरीण आत गेली तरी त्यांनी तो काढला नव्हता.

"किती?" भावजींनी विचारलं.

"सात."

"होत्या किती?"

"अकरा."

भावजी उकिडवे बसले. माणूस वाईट नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच अवघड होतं. "आई, भर उजेडात तुझ्या समोरून चार कोंबड्या गेल्या आणि तुला कळलं नाही. उद्या विहीर समोर असेल, ती कळेल का? इथं हा दिवसभर करवतीच्या आवाजात, हिला हजार कामं. तू माझ्याकडे चल."

"तिसऱ्या मजल्यावर?"

"हो."

"तिथं मी काय मोजू? पायऱ्या?"

मला हसू आलं आणि ते मी पदरात पुसलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला आणखीही एक गोष्ट वाटली. सासूबाईंची खोली पूर्वेची, कोरडी. यांच्या तयार चौकटी ठेवायला जागा नाही म्हणून त्या आमच्या बिछान्याच्या बाजूला उभ्या असतात, रात्री उठलं की अंगठा ठेचतो. मी मनातल्या मनात त्या चौकटी पूर्वेच्या खोलीत लावूनसुद्धा टाकल्या. एवढं करायला मला भांडं विसळायला लागतो तेवढा वेळ लागला.

"आठ दिवसांनी माझी खेप आहे या बाजूला," भावजी म्हणाले. "तोवर सातच्या सात राहिल्या तर मी काही बोलणार नाही. एक जरी गेली तरी तू टेम्पोत बसायचंस. वाद नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. कोंबड्यांवर पैज लावल्यासारखं नाही. डॉक्टरांनी दिवस सांगावा आणि माणसानं ऐकून घ्यावा, तसं.

दुसऱ्या दिवशी यांनी हातातलं काम बाजूला ठेवून पिंजरा केला. यांचं काम म्हणजे कुठल्या सांध्यात सुरी जाणार नाही. फळ्यांना खाचा, वरून घसरून पडणारं दार, आत जाळीच्या आड आमिषाला भांडकुदळ. बांधावर नेऊन ठेवला. दुपारभर आम्ही तिघं घरात श्वास रोखून बसलो. दार पडल्याचा आवाज आला नाही. उन्हं कलल्यावर गेलो तर दार वर तसंच, आणि भांडकुदळ जाळीआड डोळे मिटून निवांत बसलेली.

पिंजऱ्याभोवती पावलं होती. एकदा, दोनदा, तीनदा फिरलेली, घाई नसलेली. आणि पिंजऱ्याला लागूनच मातीत दाबलेली जागा. कुणीतरी तिथं बराच वेळ आडवं झालं होतं. जाळीला, नेमकी भांडकुदळ होती त्या बाजूला, तपकिरी केस अडकले होते.

"कुत्र्याची पावलं," हे म्हणाले.

"कुणाच्या कुत्र्याची?"

यांनी पहिलवानाच्या उंचवट्याकडे बघितलं. मग आपण काय बघतोय ते लक्षात येऊन पिंजरा खांद्यावर घेतला. जाताना माझ्या पुढे होते, नेहमीपेक्षा भरभर.

त्यानंतरचे चार दिवस मी कोंबड्या सोडल्याच नाहीत. खुराड्यात कोंबून ठेवल्या. त्यांनी अंडी देणं बंद केलं, एकमेकींची शेपटं उपटली, टिपकीची पाठ सोलवटली. सासूबाई दाराशी बसून त्यांच्याशी बोलायच्या आणि आतून त्या भांडायच्या. पाचव्या दिवशी त्याच म्हणाल्या, "सोड. जिवंत ठेवायच्या म्हणून असं ठेवायचं असेल तर मग तिसरा मजलाच काय वाईट."

मी सोडल्या. आणि यांना न सांगता शेंगांची टोपली घेऊन घराच्या पत्र्यावर चढले. वाळत घालायचं निमित्त.

वरून सगळं दिसत होतं. मक्याचे तुरे हलत नव्हते. पत्रा पायांना भाजत होता. शेडमधून करवतीचा आवाज येत होता, थांबत होता, येत होता. तुतीखाली सासूबाईंचं डोकं, पांढरं. कोंबड्या पांगलेल्या.

मग मास्तरीण थांबली. मान वर केली. आणि चालायला लागली, बांधाच्या दिशेनं. धावत नाही, भीत नाही, बाजाराला निघाल्यासारखी. तिच्या मागे लंगडी. मग टिपकी. कुंपणाच्या फटीतून एकेक करून त्या पलीकडे गेल्या. माझी नजर त्यांच्या पुढे गेली आणि मला ते दिसलं.

उंचवट्यावर पहिलवान झोपला होता.

कुशीवर, पाय ताठ, तोंड मक्याकडे. तपकिरी केस. जसा तो झोपायचा तसाच, तिथेच. खाली सासूबाईंनी मान तिरकी केली. त्यांना ऐकू आलं असणार, मलाही वर ऐकू येत होतं, ती बारीक, समाधानाची कुरकुर. मास्तरीण त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली. एक गोचीड वेचला. लंगडी त्याच्या पोटाकडे गेली. टिपकी डोक्याकडे.

त्याचा कान हलला. आणि तेव्हा मला दिसलं की कान फार मोठा आहे, टोकदार आहे, आणि शेपटीचं टोक काळं आहे.

कोल्हा होता. तो डोळे मिटून, श्वास धरून, टिपकी आणखी एक पाऊल जवळ यायची वाट बघत होता.

आवाज फुटेना म्हणून मी टोपलीच फेकली. शेंगा पत्र्यावरून गारांसारख्या घरंगळल्या. कोल्हा उठला. पळाला नाही. अंग झाडलं, माझ्याकडे वर बघितलं, आणि मक्यात शिरला. पिकाची दोन पानं हलली, बस्स. मला भीती वाटली ती त्याच्यामुळे नाही. कोंबड्यांमुळे. त्या तिघी तिथेच उभ्या होत्या, जराशा नाराज. पहिलवान मध्येच उठून गेला की उभ्या राहायच्या, तशा.

खाली उतरून मी सगळं सांगितलं. हे कुऱ्हाड घेऊन मक्यात शिरले, डबा वाजवत तासन्‌तास फिरले, हातभर ओरखडे घेऊन परत आले. सासूबाई मात्र पाटावर बसून होत्या. पदर बोटाला गुंडाळलेला नव्हता.

"तो हुशार नाही," त्या म्हणाल्या. "त्याला कधीतरी मक्यात झोप लागली असेल आणि जाग आली ती पाठीवर कोंबडी घेऊन. शिकवलं मी आहे."

"तुम्ही कसं?"

"केसाळ पाठ आडवी दिसली की जवळ जायचं. कुणी शिकवलं? हा गेला तर दुसरा येईल. अशा पाठीला बघून या कोंबड्यांना ओरडताच येत नाही गं. मी त्यांना भ्यायचं शिकवलंच नाही."

भावजींच्या खेपेला एक दिवस राहिला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी माळ्यावरून पहिलवानाचं कांबळं काढायला लावलं. तपकिरी, अजून त्याच्या वासाचं. "कण्या आण मूठभर," म्हणाल्या. काय करणार ते त्यांनी मला अर्धंच सांगितलं. यांना अजिबात सांगितलं नाही, यांना एका गिऱ्हाइकाकडे दार बसवायला जायचं होतं. दुपारी मी त्यांना हाताला धरून बांधापाशी नेलं. उंचवट्यापासून पंधरा-वीस पावलांवर त्या मातीत आडव्या झाल्या, कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. मी वरून कांबळं घातलं. कण्या त्याच्या लोकरीत चोळल्या. पासष्ट वर्षांची बाई केवढीशी होते, कांबळ्याखाली.

"आता जा," कांबळं म्हणालं. "आणि काही झालं तरी तोंडातून आवाज काढायचा नाहीस. तुझ्या ओरडण्याचा त्यांना उपयोग नाही."

मी कुंपणाशी बसले. ऊन पांढरं झालं होतं. माती तापून तिचा वास येत होता. कोंबड्या यायला लागल्या, मास्तरीण पुढे. कुंपणाच्या फटीतून पलीकडे आल्या आणि थांबल्या.

का थांबल्या ते मला लगेच कळलं नाही. मग मी उंचवट्याकडे बघितलं. मघाशी तिथं काही नव्हतं. आता होतं. कुशीवर, पाय ताठ, तोंड मक्याकडे.

दोन पाठी, एकाच रंगाच्या. दोन्ही आडव्या, दोन्ही श्वास धरून. मध्ये सात कोंबड्या. मास्तरीण एकदा या बाजूला मान करी, एकदा त्या. मला सासूबाईंना सांगता येत नव्हतं की तो तुमच्या जवळ आहे. माझ्या हातात काठी होती आणि तळवे इतके घामेजले होते की ती फिरत होती. पूर्वेच्या खोलीतल्या चौकटी मला आठवल्या, आणि मी त्या मनातून एकेक करून बाहेर काढल्या.

लंगडी उंचवट्याकडे वळली. चार पावलं गेली. भांडकुदळ तिच्या मागे.

मास्तरीण कांबळ्याकडे आली. कदाचित कण्यांमुळे. कदाचित वासामुळे. कांबळ्याजवळ उभी राहिली, कुरकुरली, एक कणी वेचली, आणि पिल्लू असताना चढायची तशी वर चढून बसली.

कांबळ्याखालून हात आला आणि तिचा पाय धरला.

सासूबाईंनी तिला खाली ओढली. पंखातली पिसं मुठीनं उपटली, परत उपटली. जिला त्या मांडीवर घेऊन उन्हात बसायच्या, तिला त्यांनी मातीत दाबून धरली, आणि मास्तरीण ओरडली. मी आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. तो आवाज त्या घरात जन्मलेल्या कुठल्याच कोंबडीनं ऐकला नव्हता. लंगडी जागच्या जागी उडाली. जावई तुतीवरून ओरडला. सगळ्याच्या सगळ्या किंचाळत, पंख आपटत, फटीतून न जाता कुंपणावरून, माझ्या डोक्यावरून घराकडे आल्या. आणि कांबळं उभं राहिलं, पांढऱ्या केसांचं, दोन्ही हात वर करून, आंधळं, कर्कश ओरडत त्यांच्या मागे धावलं, ठेचकाळलं, परत उठलं.

कोल्हा उठून बसला होता. ते धावणारं कांबळं त्यानं नीट बघितलं. मग तो मक्यात गेला, या वेळी पळत.

मी सासूबाईंना धरलं. गुडघा फुटला होता. मुठीत करडी पिसं होती आणि ती मूठ उघडत नव्हती.

"ओरडणं तिच्याच गळ्यातून निघायला हवं होतं," धापा टाकत त्या म्हणाल्या. "बाकीच्या तिचंच ऐकतात." थोड्या वेळानं विचारलं, "फार लागलं का तिला?"

"नाही," मी म्हटलं. मास्तरीण तेव्हा छपरावर होती आणि एक पंख लोंबत होता.

तिन्हीसांजेला भावजी आले. हेही कामावरून परतले होते. सासूबाई खुराड्याच्या दाराशी बसलेल्या, डावा तळहात आडवा, उघडा. भावजी उभे राहून बघत होते. कोंबड्या अंगणाच्या टोकाला गोळा झाल्या होत्या. दोन पावलं पुढे येत, हात दिसला की चीत्कारत मागे जात. अंधार पडायला आला तरी एक आत जाईना.

"काय झालंय यांना?" भावजींनी विचारलं.

शेवटी सासूबाईंनीच हात काढला आणि माझ्याकडे केला. मी त्यांना उठवून ओट्यावर नेऊन बसवलं. त्या दूर गेल्यावर कोंबड्या आल्या. दारातून आत पळाल्या, एकमेकींच्या अंगावरून. मास्तरीण सगळ्यांत आधी.

भावजींनी वाकून मोजल्या. "सात."

"आठ," ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या. "जावयाला कुणी माणसात धरतच नाही."

भावजी हसले. टेम्पोची किल्ली बोटात फिरवत थोडा वेळ आईजवळ बसले, फुटलेल्या गुडघ्यावर फुंकर घातली, आणि एकटेच गेले. पूर्वेच्या खोलीत यांच्या चौकटी ठेवायचा विषय मी कधी काढला नाही. अजूनही यांचा अंगठा ठेचतो, माझाही.

आता कोंबड्या सासूबाईंच्या हाताला येत नाहीत. मोजायचं म्हणून त्यांनी दुसरी रीत काढली आहे. सकाळी त्या उंबऱ्यावर येऊन मुद्दाम खाकरतात. अंगणभर किंचाळ्या उठतात, आणि त्या मान तिरकी करून, प्रत्येकीचा आवाज वेगळा ओळखत, म्हणतात, "लंगडी. टिपकी. भांडकुदळ. मास्तरीण आहे." मग आत येऊन हात धुतात. धुण्यासारखं हाताला काही लागलेलं नसतं.

परवा दुपारी मी मोरीत होते आणि अंगणात कोंबड्या एकदम ओरडायला लागल्या, सगळ्या मिळून, त्याच आवाजात. मी दचकून आतल्या खोलीकडे बघितलं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या.

"मी नाही," झोपेतच त्या म्हणाल्या.

मी काठी घेऊन बाहेर गेले.